नागपुरात रसायनशास्त्रात पीएचडी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एमएस्सीचे निकाल लागले की माझा फोन वाजू लागतो. गोंदिया, भंडारा, वणी, ब्रह्मपुरी, कुठून कुठून मुलं-मुली विचारतात. कधी त्यांचे आईवडीलही. माझी पीएचडी नागपुरातच झाली, सेंद्रिय रसायनशास्त्रात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि एकेकाशी बोलताना काही ना काही सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलं आहे. नियम जिथे सांगितले आहेत ते बहुतेक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीतले आहेत. तुमच्या संस्थेच्या स्वतःच्या अटी त्यावर आणखी असू शकतात. त्या कागदावर मागून घ्या आणि वाचा.

१. प्रॅक्टिकल तर एमएस्सीपर्यंत केलीच आहेत. पीएचडीत वेगळं काय असतं?

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधी ठरलेलं असतं. आपलं रीडिंग शेजारच्या मुलाच्या रीडिंगशी ताडून बघता येतं. पीएचडीत ताडून बघायला शेजारी कुणी नसतं. तुम्ही बनवताय तो रेणू बहुधा आधी कुणी बनवलेलाच नसतो, त्यामुळे त्याचा वितळणबिंदू कुठल्या पुस्तकात सापडत नाही. तुम्ही मोजाल तोच पहिला. म्हणून नीट मोजणं आणि मोजलेलं नीट लिहून ठेवणं हे पीएचडीचं निम्म्याहून अधिक काम आहे. हुशारी लागते, पण रोजची शिस्त तिच्याहून जास्त लागते, हे मी अगदी मनापासून सांगते.

२. नागपुरात ही पीएचडी कुठे कुठे करता येते?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ (स्थापना १९२३) आणि त्याला संलग्न महाविद्यालयांची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं, सिव्हिल लाइन्समधली शासकीय विज्ञान संस्था, जी १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून सुरू झाली, व्हीएनआयटी (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था), १९४२ सालची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आपली एलआयटी, आणि नेहरू मार्गावरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. नीरीचा भर पाणी, हवा आणि सांडपाण्यावर आहे आणि तिथली पदवी एसीएसआयआर या अकादमीमार्फत मिळते.

संस्थेच्या नावापेक्षा मी दोन गोष्टी बघायला सांगेन: गाईड कोण आहेत (प्रश्न १२) आणि लॅबमध्ये चालू स्थितीतली यंत्रं कोणती आहेत. यादीत यंत्र असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं.

३. प्रवेशासाठी नेट लागतेच का?

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सूट आहे. रसायनशास्त्राची नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, सीएसआयआर-यूजीसीची असते आणि वर्षातून दोनदा होते. २०२४-२५ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ या कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह सगळ्याला पात्र, सहायक प्राध्यापक व पीएचडीला पात्र, आणि फक्त पीएचडीला पात्र. शेवटच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण पीएचडी प्रवेशापुरते एक वर्षच चालतात. काही विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात, तिला आपल्याकडे सगळे ‘पेट’ म्हणतात. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची जाहिरात बघा. सीनियरनं दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका.

४. किती वर्षं लागतात?

नियमानं कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. त्यानंतर २ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. प्रत्यक्षात तीन वर्षांत संपवलेलं मी प्रायोगिक रसायनशास्त्रात तरी क्वचितच पाहिलं. साडेचार ते साडेपाच धरून चला आणि घरीही पहिल्याच दिवशी तेवढीच सांगा. ‘झालंच आता, सहा महिने’ असं सांगत राहिलात की प्रत्येक दिवाळीला तेच उत्तर द्यावं लागतं, आणि त्याचा त्रास कामाच्या ताणाहून जास्त होतो.

५. पैसे किती मिळतात? त्यात नागपुरात भागतं का?

जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन होऊन एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झालात की ४२,०००. वसतिगृह नसेल तर वर घरभाडं भत्ता, केंद्राच्या वर्गवारीत नागपूर ‘वाय’ गटात येतं. जेआरएफ आणि एसआरएफ मिळून पाच वर्षं. नेट नसलेल्यांसाठी राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत: बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), आणि इथेच नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी). गाईडकडे प्रकल्प असेल तर प्रकल्प सहायक म्हणूनही घेतात.

जेआरएफमध्ये रवीनगर, भरतनगर, अभ्यंकरनगरकडे दोघांत खोली घेऊन नीट भागतं. खरी अडचण रकमेची नसते. पैसे वेळेवर न येण्याची असते. माझ्या बरोबरच्या एका मुलीची फेलोशिप आठ महिने अडकली होती. ती घरमालकांना तोंड दाखवायला लाजायची आणि मागच्या दारानं खोलीवर जायची. तिची चूक काहीच नव्हती. तेव्हा पहिली रक्कम हातात आली की तीन महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेवा. हजेरी आणि प्रगती अहवालाचे कागद महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सही करून घ्या, कारण आपल्या बाजूनं एक कागद मागे राहिला की पुढचं सगळं थांबतं.

६. दिवस कसा जातो? सकाळी उठल्यापासून सांगा ना.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

उन्हाळा सोडून सांगते, उन्हाळ्याचं वेगळं आहे (प्रश्न ७). साडेनऊला लॅबमध्ये शिरलं की डबा बाहेरच्या कपाटात, ॲप्रन अंगावर, आणि पहिलं काम म्हणजे रात्री लावलेल्या रिॲक्शनची टीएलसी, म्हणजे प्लेटवर पदार्थ वेगळे करून बघायची छोटी चाचणी. केशनळीचं टोक फ्लास्कमध्ये बुडवायचं, प्लेटवर पेन्सिलीनं ओढलेल्या रेघेवर हलकेच टेकवायचं. एका बाजूला सुरुवातीचा पदार्थ, एका बाजूला रिॲक्शन, मधे दोन्ही एकावर एक. प्लेट हेक्झेन आणि एथिल ॲसिटेटच्या बीकरमध्ये उभी करायची आणि द्रव वर चढताना बघत राहायचं. मग २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरायची. हिरव्या उजेडात काळे ठिपके दिसतात. सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका गेलेला असला आणि नवा एकच आला असला, तर त्या दिवशीचा चहा गोड लागतो. बहुतेक वेळा मात्र चार ठिपके असतात.

चार ठिपके म्हणजे वर्कअप करून कॉलम टाकणं आलं. सेपरेटिंग फनेलमध्ये थर वेगळे करा, मिठाच्या संपृक्त पाण्यानं धुवा, सोडियम सल्फेटवर वाळवा, रोटावर, म्हणजे द्रावक उडवायच्या फिरत्या यंत्रावर, आटवा. मग काचेच्या नळीत सिलिका भरायची, अशी की आत एकही बुडबुडा राहू नये, आणि वरून द्रावक ओतत परीक्षानळ्या भरत बसायचं. साठ-सत्तर नळ्या होतात. दर तिसऱ्या-चौथ्या नळीची टीएलसी. कॉलम अर्ध्यात सोडून जेवायला जाता येत नाही, म्हणून कॉलमच्या दिवशी आधी जेवा. उपाशीपोटी घाई होते आणि घाईत दोन ठिपके एकाच नळीत उतरतात.

आठवड्यातले काही तास एमएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल घ्यावी लागतात. नियमावलीत आठवड्याला ४ ते ६ तास म्हटलं आहे. याला वेळेचा अपव्यय समजू नका. चाळीस मुलांना एकाच वेळी समजावताना आपल्याच समजुतीतली भोकं दिसतात.

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची रिॲक्शन लावायची, काचसामान धुऊन ओव्हनमध्ये टाकायचं आणि डायरी लिहायची (प्रश्न १०). वाचन मी रात्री खोलीवर करायचे, रोज एकच पेपर, पण शेवटच्या प्रायोगिक भागापर्यंत.

७. नागपूरच्या उन्हाळ्यात लॅब चालते तरी कशी?

पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत आणि परदेशी पेपरांत ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते २५ अंश धरून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या, एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी ३९-४० सहज असतं. आता हे आकडे बघा. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं. डायक्लोरोमिथेन, म्हणजे आपलं डीसीएम, ३९.६ ला. म्हणजे ईथरची बाटली टेबलावर ठेवली तर तुम्ही काही न करता ती उकळीला आलेली असते. झाकण एकदम उघडलंत की वाफ तोंडावर येते. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून खाली उतरून लांबपर्यंत सरकत जाते आणि कुठे ठिणगी मिळाली तर पेटते.

म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत वेळापत्रकच बदला. सकाळी सहा-साडेसहाला या, कॉलम नऊच्या आत उतरवा. दुपारी वर्कअप नको. वाचन, एनएमआरचा (रेणूची रचना सांगणाऱ्या वर्णपटाचा) अर्थ लावणं, लेखन ठेवा. ईथर आणि पेंटेन स्फोटरोधक फ्रिजमध्ये ठेवा, घरगुती फ्रिजमध्ये अजिबात नाही, कारण त्याच्या आतल्या दिव्याची आणि थर्मोस्टॅटची ठिणगी वाफेला पुरते. ईथर आणि टीएचएफ हे द्रावक जुने असतील तर त्यात पेरॉक्साइड साठतात, उष्णता आणि उजेडात जास्तच. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा आणि तपासल्याशिवाय ऊर्ध्वपातनाला लावू नका.

कॉलम दुपारी टाकलाच तर डीसीएम सिलिकेतच उकळतं. माझ्या डोळ्यांदेखत दोन फुटांच्या कॉलमला मधोमध भेग गेली होती, आडवी, केसाएवढी. दहा मिनिटांत ती बोटभर रुंद झाली आणि पिवळा पट्टा वाकडा होऊन खाली गेला. तेव्हापासून मे महिन्यात मी डीसीएमऐवजी एथिल ॲसिटेट वापरायचे. ते ७७ अंशांना उकळतं आणि आपल्या उन्हाला दाद देत नाही.

रोटाचंही तसंच. कंडेन्सरमधून फिरणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं असतं, दुपारी त्यात हात धरवत नाही. अशा पाण्यानं वाफ थंड होत नाही, ती सरळ पंपात जाते. ढोबळ हिशोब असा ठेवा: बाथ वाफेपेक्षा २० अंश गरम, थंड पाणी वाफेपेक्षा २० अंश गार. चिलर नसेल तर बादलीत बर्फ आणि छोटा पंप. आमच्या लॅबचे अटेंडंट काका सकाळीच बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणायचे आणि अकरा वाजता हाक मारायचे, “मॅडम, बर्फ पाणी होऊन राहिला, काय करायचं ते आताच करून घ्या.”

एक गंमत म्हणून बघा: फिनॉल ४०.५ अंशांना वितळतं. मेमध्ये खिडकीजवळची बाटली कधी पातळ झालेली दिसली तर ती खराब झालेली नाही.

८. मग पावसाळा आणि हिवाळा तरी बरा का?

हिवाळा फार चांगला. फक्त डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी डीएमएसओ या द्रावकाची बाटली गोठलेली सापडेल (वितळणबिंदू १८.५), ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडही (१६.६). कोमट पाण्यात बाटली ठेवा, बर्नरजवळ नेऊ नका. सिव्हिल लाइन्समध्ये काम असेल तर डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे रस्ते वळवलेले असतात, अर्धा तास आधी निघा.

पावसाळ्यात शत्रू पाणी. ग्रिग्नार्ड रिॲक्शन सुरू होत नाही, हायग्रोस्कोपिक, म्हणजे हवेतला ओलावा ओढणारे, पदार्थ वजन करता करता ओले होतात. काचसामान रात्रभर ओव्हनमध्ये, डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली की परत तापवून निळी करणं, आणि टीएचएफ सोडियम-बेन्झोफिनोनवर गडद निळं-जांभळं होईपर्यंत थांबणं. आणखी एक, जे आपल्याकडेच सांगावं लागतं: उन्हाळ्यात लॅबमध्ये डेझर्ट कुलर लावलेला असेल तर तो हवेत पाणीच सोडत असतो. ओलावा न चालणाऱ्या रिॲक्शन कुलर असलेल्या खोलीत लावू नका.

९. केमिकलनं पुढे आजार होतात म्हणतात. आमच्या मुलीला पाठवू का?

हा प्रश्न आईवडिलांचा असतो आणि मी तो हलक्यात घेत नाही. काकू, काका, धोका आहे. तो सवयींनी पुष्कळ कमी करता येतो, आणि सवयी पहिल्या महिन्यातच लागतात.

डोळ्यांवर गॉगल कायम, आपला प्रयोग नसला तरी, कारण शेजारच्याचा असतो. केस बांधलेले, ओढणी लॅबबाहेर, पायात बंद बूट. कपडे सुती. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची संशोधन सहायक टर्ट-ब्युटिललिथियम सिरिंजनं काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, ते द्रव हवेत पेटलं. तिच्या अंगात सिंथेटिक स्वेटर होता आणि लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. थंडीत मुली स्वेटरवर ॲप्रन न घालता लॅबमध्ये शिरताना दिसल्या की मी आजही त्यांना थांबवते.

नायट्राइलचे हातमोजे सगळं अडवत नाहीत. डीसीएम काही मिनिटांत आरपार जातं, सांडलं की हातमोजा लगेच काढा. कचऱ्याच्या बाटल्या क्लोरीनयुक्त आणि क्लोरीनविरहित अशा वेगळ्या ठेवा. नायट्रिक ॲसिड कधीही ॲसिटोन किंवा अल्कोहोलच्या बाटलीत ओतू नका, बाटली फुटते. लॅबमध्ये खाणं-पिणं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. रात्री एकट्यानं काम नाही. सोबत कुणी नसेल तर रिॲक्शन उद्या लावा. गाईड रागावतील या भीतीनं ही शेवटची अट मोडणारी मुलं मी पाहिली आहेत. मोडू नका.

आणि मुलीला एवढं विचारा: तुमच्या लॅबमधलं फ्यूम हूड, म्हणजे वाफा बाहेर टाकणारं कपाट, नीट ओढतं का? टिश्यू पेपरची पट्टी हूडच्या दाराशी धरली की कळतं, आत झुकली तर ओढतंय.

१०. डायरी रोज लिहायलाच हवी का? आठवड्याची एकदम लिहिली तर?

रोजच. आणि काम करताना, नंतर नाही. किती ग्रॅम घेतलं, कोणत्या बाटलीतलं, किती वाजता टाकलं, रंग काय झाला. पेननं, पानांना क्रमांक, फाडाफाडी नाही. टीएलसीची प्लेट सुकली की तिचं चित्र पेन्सिलीनं पानावर काढा.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे छत्तीस व्हायल (पदार्थ ठेवायच्या छोट्या बाटल्या) जमल्या होत्या, तीन महिन्यांचं काम. नावं परमनंट मार्करनं काचेवर लिहिलेली. एका संध्याकाळी ट्रेमध्ये ॲसिटोनची वॉश बॉटल आडवी झाली. मी कापडानं पुसायला घेतलं आणि शाई कापडावर आली. ॲसिटोनला कुठला मार्कर परमनंट नसतो. छत्तीस सारख्या व्हायल, आत पांढरी पावडर, नावं नाहीत. डायरीत प्रत्येकाचं वजन आणि वितळणबिंदू लिहिलेला होता, एवढ्यावर मी एकोणतीस ओळखू शकले. सात टाकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून लेबल कागदावर पेन्सिलीनं, वरून पारदर्शक टेप, आणि त्यावर फक्त डायरीचं पान आणि क्रमांक.

११. एनएमआर बाहेर पाठवायचं असतं. काय काळजी घ्यावी?

बऱ्याच जणांना सॅम्पल लखनौच्या सीडीआरआयला, चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात किंवा आयआयटी मुंबईच्या केंद्रात पाठवावी लागतात. निकाल यायला वेळ जातो, म्हणून एकही सॅम्पल घाणेरडं जाता कामा नये. पाठवण्याआधी व्हॅक्यूमवर पुरेसा वेळ ठेवा. क्लोरोफॉर्म-डी मध्ये ४.१२, २.०५ आणि १.२६ पीपीएमला शिखरं दिसली तर ते एथिल ॲसिटेट आहे, तुमचा रेणू नाही. २.१७ ला ॲसिटोन, १.५६ ला पाणी. ०.८६ आणि १.२६ ला रुंद काही दिसलं तर ते काचेच्या सांध्यावरचं ग्रीस. हे आकडे टेबलासमोर भिंतीवर चिकटवून ठेवा. नवीन मुलं हमखास ग्रीसला आपल्या रेणूची कार्बन साखळी समजून खूश होतात. उन्हाळ्यात कुरिअरमध्ये पातळ तेलासारखे पदार्थ गळतात, झाकणावर टेप आणि बाहेरून दुसरी पिशवी.

१२. गाईड कसा निवडायचा? पटलं नाही तर?

त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना भेटा, सर केबिनमध्ये नसताना. तीन गोष्टी विचारा: सर लॅबमध्ये किती वेळा येतात, लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून देतात, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली. प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ विद्यार्थी घेता येतात. जागा आहे का ते आधी विचारून घ्या. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आधीचे विद्यार्थी असतील तर निवृत्तीनंतर ते सह-मार्गदर्शक म्हणून राहू शकतात, वयाच्या सत्तरीपर्यंत.

पटलं नाही तर आधी संशोधन सल्लागार समितीसमोर बोला. दर सत्राला तुमचं सादरीकरण तिथे होतंच. तक्रारीच्या सुरात बोलू नका, कामाचं बोला: अमुक यंत्र नाही, अमुक प्रकरण चार महिने वाचून मिळालेलं नाही. गाईड बदलता येतो, पण तिसऱ्या वर्षानंतर बदलणं फार महाग पडतं. मनात आलं असेल तर पहिल्या वर्षीच बोला.

१३. विषय आपल्या भागाचा घ्यावा का?

घ्यावा, जमत असेल तर. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पाण्यातलं फ्लोराइड (पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत), कोराडी-खापरखेड्याची राख, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन. तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आपल्या नीरीतूनच आली. अशा विषयात नमुना आणायला एसटीनं जाऊन येता येतं, आणि गावच्या माणसांना आपण काय करतो ते सांगताही येतं.

१४. चार महिने झाले, एकही रिॲक्शन होत नाही. माझ्यात दम नाही का?

तसं नाही. आधी हे तपासा: पेपरमधली जशीच्या तशी रिॲक्शन, त्यांच्याच पदार्थावर, तुमच्या हातून होते का? झाली तर तुमचा हात ठीक आहे, पदार्थ वेगळा वागतोय. नाही झाली तर बाटल्या संशयास्पद. माझी एक पायरी जुलै ते ऑक्टोबर होत नव्हती. मी तापमान बदललं, द्रावक बदललं, स्वतःला दोष दिला. पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइडची बाटली ओलावा खाऊन बसली होती. दिवाळीनंतर नवी फोडली, त्याच संध्याकाळी ठिपका आला.

पण झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, लॅबची पायरी चढताना छातीत धडधडत असेल तर ते बाटलीचं काम नाही. घरी सांगा, मित्राला सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मी स्वतः तिसऱ्या वर्षी मदत घेतली होती आणि त्याचा मला उपयोग झाला.

१५. पेपर छापणं सक्तीचं आहे का? पैसे भरून आठवड्यात छापून देतो असे मेल येतात.

२०२२ च्या नियमावलीत आयोगानं सक्ती ठेवलेली नाही. संस्थेची स्वतःची अट असू शकते. सक्ती नसली तरी छापा, पुढच्या मुलाखतीत तेच बघतात. आठवड्यात छापणाऱ्यांना उत्तरसुद्धा देऊ नका. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी आयोगानं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता निवड आपल्यावर आहे. साधी कसोटी: तुम्ही रोज वाचता ते पेपर ज्या नियतकालिकांत येतात, त्यांतच पाठवा.

प्रबंधाच्या दुसऱ्यांच्या लेखनाशी असलेल्या साम्याबद्दल: १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यावा लागतो, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. प्रायोगिक भागातली ठरावीक वाक्यं दुसऱ्याची उचलू नका. डायरीतून लिहिलंत (प्रश्न १०) तर ती आपोआप तुमचीच होतात.

१६. लग्न ठरलंय, सासर पुण्याचं. पीएचडी सोडावी लागेल का?

नाही. लग्न किंवा अन्य कारणानं महिला संशोधकाला स्थलांतर करावं लागलं तर संशोधनाची माहिती नव्या संस्थेत नेता येते, अशी तरतूद नियमावलीत आहे. मूळ संस्था आणि गाईड यांना झालेल्या कामाचं श्रेय द्यावं लागतं आणि नव्या संस्थेत जागा असावी लागते. प्रायोगिक काम उरलं असेल तर ते नागपुरात संपवून लेखन पुण्यात करणं जास्त सोपं. हे सासरी लग्नाआधी बोला, पत्रिका छापण्याआधी.

बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मूल हवं असं ठरलं की गाईडना लवकर सांगा, पुरुष गाईड असले तरी. डीएमएफ आणि फॉर्मामाइड हे द्रावक गर्भाला घातक म्हणून नोंदलेले आहेत, बेन्झीन तर कुणीच वापरू नये. त्या काळात संगणकावरचं काम, लेखन, वर्णपट वाचणं घ्या. माझ्या एका मैत्रिणीनं दोन प्रकरणं त्याच महिन्यांत लिहिली.

१७. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. नोकरी सांभाळून जमेल?

अर्धवेळ पीएचडीची सोय आहे, संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. पण फेलोशिप आणि पगार दोन्ही घेता येत नाहीत. सिंथेसिसचा विषय घेऊ नका; रिॲक्शन तुमच्या तासिकेसाठी थांबत नाही. पाण्याचं विश्लेषण, अधिशोषण, संगणकीय रसायन असं काही घ्या.

१८. पीएचडीनंतर इकडे नोकऱ्या आहेत का?

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत काही, औषध कंपन्यांसाठी बहुतेक जण हैदराबादला जातात. सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक, तेव्हा सेट राहिली असेल तर पीएचडी चालू असतानाच उरकून घ्या. पोस्ट-डॉकसाठी अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाठवा.

१९. प्रबंध जमा झाला. माझ्या व्हायल आणि डायऱ्या घरी नेऊ का?

नाही. डायरी लॅबची असते, तुम्ही फोटो किंवा झेरॉक्स ठेवा. व्हायवा होईपर्यंत, म्हणजे किमान दोन बाह्य परीक्षकांचे अहवाल येऊन तोंडी परीक्षा संपेपर्यंत, एकही व्हायल टाकू नका, कारण परीक्षक एखादा वर्णपट पुन्हा मागू शकतात. नंतर फ्रिजमधली तुमची पेटी काढा, एकेक लेबल डायरीच्या पानाशी ताडा, यादी करा, आणि नव्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून ती त्याच्या हातात द्या. ओळखू न येणारी प्रत्येक व्हायल स्वतः कचऱ्याच्या योग्य बाटलीत जमा करा. माझ्या पेटीत १४३ व्हायल होत्या आणि ते ताडायला दोन दिवस लागले. पेटी आता ज्या मुलीकडे आहे तिचा मागच्या आठवड्यात फोन आला होता, पान ८७ वरचा कॉलम कोणत्या द्रावकात टाकला होता ते विचारायला. मी म्हटलं, पानाच्या खालच्या कोपऱ्यात बघ, पेन्सिलीनं लिहिलंय. होतं.